फोर-के घ्यावं का? आधी कपाट उघडून बघा

गेल्या आठवड्यात डॅलसहून पुतण्याचा फोन आला. "काका, थँक्सगिव्हिंगच्या सेलमध्ये फोर-के प्लेयर घेतोय. जुन्या डीव्हीडी सगळ्या काढून टाकतो आणि आवडीचे सिनेमे नव्या डिस्कवर परत घेतो. वर्थ आहे का, सांगा." मी म्हटलं, "तुझ्या कपाटात काय काय आहे ते आधी वाचून दाखव."

तो वाचायला लागला. वरच्या खणात हॉलिवूडच्या डीव्हीडी, सत्तर-ऐंशी तरी. मधल्या खणात दादा-वहिनींनी दर खेपेला पुण्याहून आणलेले मराठी सिनेमे आणि नाटकं, बहुतेक व्हीसीडी. आणि खाली बुटाच्या खोक्यात मार्करने नावं लिहिलेल्या डिस्क: साखरपुडा, लग्न, बारसं, मंडळाचा गणपती २००७.

अमेरिकेत पंधरा-वीस वर्षं काढलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांचं कपाट थोड्याफार फरकाने असंच असतं. म्हणून पुतण्याला दिलेलं उत्तर इथे जरा सविस्तर लिहितो. प्रश्न एक असला तरी तीन खणांची उत्तरं तीन आहेत. वरच्या खणातलं थोडंसं बदलावं, मधल्या खणातलं काही टाकू नये, आणि खालच्या खोक्याला या सुट्टीतच हात घालावा.

दुकानं आटली, डिस्क नाही

आधी बाजाराची परिस्थिती बघू. २९ सप्टेंबर २०२३ रोजी नेटफ्लिक्सने लाल पाकिटातली शेवटची डिस्क पोस्टात टाकली. १९९८ मध्ये सुरू झालेला हा धंदा पंचवीस वर्षं चालला आणि त्यात ५०० कोटींहून जास्त डिस्क घरोघरी गेल्या. २०२४ च्या सुरुवातीला बेस्ट बायने सिनेमांच्या डिस्क विकणं बंद केलं. त्याच उन्हाळ्यात रेडबॉक्सची मालक कंपनी दिवाळखोरीत गेली आणि ग्रोसरीच्या दाराशी उभी असलेली सुमारे २४,००० लाल यंत्रं बंद पडली. प्लेयर बनवणाऱ्यांपैकी ओप्पोने २०१८ मध्ये काढता पाय घेतला, सॅमसंगने २०१९ मध्ये, आणि २०२४ संपता संपता एलजीनेही. नावाजलेल्यांपैकी उरले सोनी आणि पॅनासॉनिक.

हे वाचून कुणालाही वाटेल की मरणाऱ्या वस्तूत पैसे कशाला घाला? पण दुसरी बाजूही आहे. नवे मोठे सिनेमे अजून फोर-के डिस्कवर येतात. क्रायटेरियनसारख्या जाणकारांच्या कंपनीने २०२१ मध्ये फोर-के डिस्क काढायला सुरुवात केली, म्हणजे दुकानं मिटायला लागली होती तेव्हा. थोडक्यात, डिस्क सर्वांची वस्तू होती ती आता शौकिनांची झाली. शौकिनांच्या वस्तू लगेच मरत नाहीत, पण स्वस्तही होत नाहीत. नवी फोर-के डिस्क साधारण २५ ते ३५ डॉलरला पडते आणि प्लेयर २०० ते ५०० डॉलरला. पुतण्याच्या ऐंशी डीव्हीडी २५ डॉलरच्या हिशोबाने परत घ्यायच्या म्हटलं तर २,००० डॉलर झाले. बिनहंगामात एवढ्यात भारताचं जाऊन-येऊन तिकीट येतं. आणि जुन्या डीव्हीडी विकून मिळणार किती? सेकंडहँड दुकानात नगाला एक डॉलर मिळाला तरी खूप.

इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. फोर-के प्लेयरवर ब्लू-रे चालते आणि डीव्हीडीही चालते. तिन्हींचा आकार तोच, १२ सेंटीमीटर. त्यामुळे नवा प्लेयर घेतला म्हणून जुनी डिस्क काढून टाकायची काहीच गरज नाही. व्हीएचएसवरून डीव्हीडीवर जाताना आपल्याला सगळं सोडून द्यावं लागलं होतं, ती सवय डोक्यात बसली आहे. या वेळी तसं नाही. डीव्हीडी अमेरिकेत आली १९९७ मध्ये. २००६ मध्ये ब्लू-रे आणि एचडी डीव्हीडी यांची जुंपली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने हार मानली. तेव्हा ज्यांनी एचडी डीव्हीडी घेतली त्यांचे हात पोळले. फोर-के डिस्क २०१६ मध्ये आली तेव्हा समोर प्रतिस्पर्धीच नव्हता. चुकीच्या घोड्यावर पैसे लावण्याची भीती आता उरलेली नाही. आता बघायचं ते एवढंच, की त्या पैशांत दिसायला काय मिळतं.

डोळ्याला किती कळतं?

पडद्यावरचं चित्र ठिपक्यांचं बनतं. भारतात मिळणाऱ्या व्हीसीडीवर एका चित्रात सुमारे १ लाख ठिपके. इथल्या डीव्हीडीवर साडेतीन लाख. ब्लू-रेवर सुमारे २१ लाख. फोर-के डिस्कवर ८३ लाख. कागदावर प्रत्येक पायरी भलीमोठी दिसते, पण डोळ्याला प्रत्येक पायरी सारखी जाणवत नाही. व्हीसीडीनंतर डीव्हीडी बघितली तेव्हा नटांचे चेहरे पहिल्यांदा दिसले. डीव्हीडीनंतर ब्लू-रे बघितली तेव्हा साडीचा पोत दिसला. ब्लू-रेनंतर फोर-के बघताना काय दिसतं, हे तुम्ही कुठे बसता त्यावर अवलंबून आहे.

चांगल्या नजरेच्या माणसाला ५५ इंची टीव्हीवरचे ब्लू-रेचे ठिपके सात फुटांपलीकडून वेगळे ओळखता येत नाहीत. इथल्या फॅमिली रूममध्ये सोफा सहसा नऊ-दहा फुटांवर असतो. दहा फुटांवरून निव्वळ ठिपक्यांचा फायदा घ्यायचा तर टीव्ही ७५ इंचांच्या पुढचा हवा. एवढा टीव्ही घरात नसेल तर डीव्हीडीवरून थेट ब्लू-रेवर जा. सेकंडहँड ब्लू-रे पाच-दहा डॉलरला मिळते आणि फरकाचा मोठा भाग तिथेच मिळून जातो.

फोर-के डिस्कचा खरा फायदा ठिपक्यांपेक्षा रंगांत आहे. एचडीआर म्हणतात ते हेच. समईची ज्योत आणि तिच्या मागचा अंधार दोन्ही एकाच वेळी नीट दिसतात, एकासाठी दुसऱ्याचा बळी द्यावा लागत नाही. दुसरा फायदा दर सेकंदाला येणाऱ्या माहितीचा. नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएसचं कनेक्शन पुरेसं आहे असं सांगतं. डिस्कवरून हीच माहिती त्याच्या कितीतरी पट वेगाने येते, कमाल मर्यादा १२८ पर्यंत जाते. म्हणून अंधारातल्या प्रसंगात स्ट्रीमिंगवर आकाशाला पट्टे पडलेले दिसतात, डिस्कवर सहसा पडत नाहीत. आवाजाचंही तेच. मात्र टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकणार असाल तर आवाजासाठी डिस्क घेऊ नका, काही कळणार नाही.

आडात असेल तर

आता सगळ्यात महत्त्वाचं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? डिस्क म्हणजे पोहरा. आड म्हणजे मूळ फिल्म, आणि ती कुणी किती नीट जपली हे.

१९८२ सालचे दोन सिनेमे शेजारी ठेवून बघा. एक रिचर्ड ॲटनबरो यांचा 'गांधी'. त्याला आठ ऑस्कर मिळाली. त्यातलं वेशभूषेचं ऑस्कर कोल्हापूरच्या भानू अथैया यांना, जॉन मोलो यांच्यासोबत. भारतीय व्यक्तीला मिळालेलं ते पहिलं ऑस्कर. कस्तुरबांच्या भूमिकेत आपल्या रोहिणी हट्टंगडी. हा सिनेमा २०२० मध्ये फोर-के डिस्कवर आला. मूळ फिल्म स्टुडिओने सांभाळलेली होती, ती नव्याने स्कॅन झाली. माझ्याकडे 'गांधी'ची जुनी डीव्हीडी होती आणि फोर-के मी काउंटी लायब्ररीतून आणून बघितला. डीव्हीडीवर खादी म्हणजे नुसता पांढरा रंग होता. फोर-केवर जाडंभरडं सूत दिसतं, धुऊन धुऊन विटलेलं धोतर आणि कोरं उपरणं वेगळं ओळखू येतं. भानूताईंनी केलेलं काम काय होतं ते मला तेव्हा कळलं. या सिनेमासाठी ३० डॉलर दिले तर वाया जात नाहीत, असं मी कुणालाही सांगेन.

दुसरा सिनेमा जब्बार पटेलांचा 'उंबरठा'. साल तेच, समोर स्मिता पाटील. हाही फिल्मवरच चित्रित झालेला, म्हणजे मूळ फिल्ममध्ये डीव्हीडीच्या कितीतरी पट तपशील आहे. पण मी तो अमेरिकेत बघितला तो व्हीसीडीवर. एक लाख ठिपक्यांत स्मिता पाटीलचे डोळे दिसायचे, डोळ्यांतलं दिसायचं नाही. तीच डिस्क नव्या प्लेयरवर लावून बघितली. प्लेयरने ठिपके फुगवले, चेहऱ्याच्या कडा गुळगुळीत केल्या आणि त्यात वाढ काहीच झाली नाही. एका सालातले दोन सिनेमे, दोन्हींत मराठी माणसांचं काम. एकाचा आड भरलेला होता आणि कुणीतरी त्यातून पाणी काढलं. दुसऱ्यातून अजून काढायचंय.

भानू अथैया यांनी २०१२ मध्ये आपला ऑस्करचा पुतळा अकादमीकडे परत दिला, कारण तो पुढे नीट जपला जाईल याची त्यांना खात्री हवी होती. मला वाटतं, आपल्या सिनेमांबद्दलची सगळी चिंता या एका गोष्टीत आली. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभात स्टुडिओच्या जुन्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि नायट्रेट फिल्मवरचा प्रभातच्या काळातला ठेवा जळाला. जे गेलं ते कुठल्याही नव्या डिस्कवर येणार नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आता राष्ट्रीय चित्रपट वारसा मोहिमेखाली जुन्या सिनेमांची दुरुस्ती चालू आहे, सुमारे २,२०० सिनेमांचं उद्दिष्ट २०२२ मध्ये जाहीर झालं होतं. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने दुरुस्त केलेला 'मंथन' २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला, त्यातही स्मिता पाटील आहेच. म्हणजे काम होऊ शकतं. मराठी सिनेमांपर्यंत ते किती आणि कधी पोहोचेल, तोवर तुमच्या मधल्या खणातली डिस्क ही कामचलाऊ का होईना, पण हातातली प्रत आहे.

'विकत घेतलं' म्हणजे काय?

पुतण्या म्हणाला, "काका, पण सगळं स्ट्रीमिंगवर आहेच ना?" बरंचसं आहे, आणि एकदाच बघायच्या सिनेमासाठी स्ट्रीमिंगसारखी सोय नाही, हे मीही मान्य करतो. मी स्वतः दहातले नऊ सिनेमे तसेच बघतो. घरात जागा अडत नाही, आणि म्हाताऱ्या आईवडिलांना रिमोटची दोन बटणं पुरतात. पण 'आहे' आणि 'आपलं आहे' यात फरक आहे.

एका ऑनलाइन दुकानातून मी 'बाय' असं लिहिलेलं बटण दाबून घेतलेला एक सिनेमा दोन वर्षांनी माझ्या यादीतून नाहीसा झाला. विचारलं तर उत्तर आलं की अटींमध्ये तसं लिहिलेलं होतं. खरंच लिहिलेलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये प्लेस्टेशनच्या दुकानातून लोकांनी विकत घेतलेले डिस्कव्हरीचे कार्यक्रम काढून घेणार असं सोनीने जाहीर केलं होतं. ओरडा झाला, परवान्याची बोलणी पुन्हा झाली आणि ते टळलं. अशा प्रकरणांनंतर कॅलिफोर्नियाने कायदाच केला. १ जानेवारी २०२५ पासून तिथल्या ग्राहकाला डिजिटल वस्तू विकताना हा नुसता वापरण्याचा परवाना आहे, हे स्पष्ट सांगावं लागतं. कायद्याने वस्तू आपली झाली नाही, ती आपली नव्हती एवढं मात्र उघड झालं.

डिस्कचं तसं नाही. विकत घेतलेली अस्सल प्रत तुम्ही विकू शकता, कुणाला देऊ शकता, उसनी देऊ शकता. आणि भारतातून आणलेल्या डिस्कचं काय? ती शंका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फेडली. थायलंडहून आलेल्या कर्टसेंग नावाच्या विद्यार्थ्याने तिकडची स्वस्त पाठ्यपुस्तकं आणून इथे विकली होती. परदेशात कायदेशीररीत्या बनलेली प्रत विकत घेतली की ती पुढे विकण्याचा हक्क घेणाऱ्याला आहे, असा निकाल लागला. पुण्यात पावतीने घेतलेली अस्सल डीव्हीडीही त्यात बसते. म्हणून मंडळाच्या लायब्ररीला डिस्क द्यायला कचरू नका. फक्त ती अस्सल हवी. पूर्वी भारतीय ग्रोसरीत दोन डॉलरला भाड्याने मिळणाऱ्या बऱ्याच कॅसेट आणि डिस्क नकली होत्या, हे आपण सगळेच जाणतो. आणि सभागृहात सर्वांना दाखवायची असेल तर वेगळी परवानगी लागते.

अर्थात डिस्कही अमर नाही. २००६ ते २००८ च्या दरम्यान बनलेल्या वॉर्नरच्या काही डीव्हीडी आतून खराब होऊन चालेनाशा झाल्याचं २०२५ मध्ये उघड झालं, आणि कंपनीने त्या बदलून देण्याची तयारी दाखवली. वरच्या खणातल्या त्या काळातल्या वॉर्नरच्या डिस्क एकदा पूर्ण चालवून बघा. सुरुवात चालली म्हणून समाधान मानू नका.

मधला खण: न टाकण्याची कारणं

मराठी सिनेमांच्या बाबतीत अपग्रेडचा प्रश्नच फारसा येत नाही, कारण वरची पायरीच बांधलेली नाही. ब्लू-रेवर आलेले मराठी सिनेमे फारच थोडे. आपला काळ व्हीसीडी-डीव्हीडीचा. २००७ मध्ये मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली तेव्हा आपण सुट्टीवरून परतताना बॅगेत वीस-वीस डिस्क भरून आणल्या. चकल्या कमी आणि डिस्क जास्त! ती मोझर बेअर २०१८ मध्ये अवसायनात गेली. बनवणारे गेले, विकणारी दुकानं गेली. ज्या नाटकांचं चित्रीकरण थेट व्हिडिओवर झालं, त्यांचा तर फिल्मसारखा आडही नाही. जे व्हिडिओवर उतरलं तेवढंच. अशी नाटकाची व्हीसीडी तुमच्याकडे असेल तर ती कमी दर्जाची म्हणून टाकायची नाही, एकुलती म्हणून ठेवायची.

पण ती चालवायची कशी? इथे थोडी माहिती उपयोगी पडेल. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग केलेले आहेत: अमेरिका १, भारत ५. ब्लू-रेसाठी अमेरिका ए, भारत सी. फोर-के डिस्कला विभागाचं बंधन नाही, त्यामुळे ती भारतात घेतली तरी इथे चालते. भारतीय डीव्हीडींपैकी बऱ्याच सर्व विभागांसाठी असतात, पाकीट उलटून बघा. ज्या नाहीत त्यांच्यासाठी सर्व विभागांचा प्लेयर मिळतो. कॉम्प्युटरच्या ड्राइव्हला विभाग बदलायची मुभा फक्त पाच वेळा असते, सहाव्यांदा तो अडकतो, तेव्हा मुलांना खेळू देऊ नका. व्हीसीडी गेमच्या यंत्रावर चालत नाही आणि नव्या प्लेयरवर चालेलच असंही नाही. पण २५-३० डॉलरचा यूएसबी डीव्हीडी ड्राइव्ह लॅपटॉपला जोडला आणि व्हीएलसी हे फुकट सॉफ्टवेअर घेतलं की काम होतं.

व्हीसीडी उतरवून ठेवणंही सोपं आहे. तिला कुलूप नसतं. आत एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर असतो, त्यातल्या डीएटी फायली स्वतःच्या हार्ड ड्राइव्हवर घ्या, व्हीएलसीवर चालतात. सिनेमा दोन किंवा तीन डिस्कवर असतो, तेव्हा नावं लगेच लिहा, नाहीतर मध्यंतरानंतरचा भाग आधी लागेल. विकतच्या डीव्हीडीचं मात्र वेगळं आहे. तिला कुलूप असतं, आणि १९९८ च्या डीएमसीए कायद्याने ते फोडायला बंदी आहे, डिस्क स्वतःची असली तरी. त्यामुळे त्या डिस्कच जपा. आणि व्हीसीडी उतरवली म्हणून ती यूट्यूबवर टाकायचा किंवा सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपला वाटायचा हक्क मिळत नाही. सिनेमा बनवणाऱ्यांना आपणच पैसे दिले नाहीत, तर दुरुस्तीसाठी कोण देणार? नवा मराठी सिनेमा अमेरिकेतल्या थिएटरला लागला किंवा स्ट्रीमिंगवर पैसे भरून बघता आला, तर तिथे आपली तिकिटं दिसू द्या. निर्मात्यांना तोच हिशोब कळतो.

खालचं खोकं

आता ज्याबद्दल पुतण्याने विचारलंच नव्हतं ते. कारखान्यात बनलेली डिस्क ठशाने छापलेली असते. घरी किंवा फोटोग्राफरकडे 'बर्न' केलेली डिस्क रंगाच्या थरावर लेझरने लिहिलेली असते. हा थर उष्णता, ऊन आणि दमट हवेने उडतो. टेक्ससचा उन्हाळा आणि माळ्यावरचं खोकं हे त्याला चांगलंच पुरतं. लग्न-मुंजीच्या बहुतेक डिस्क याच जातीच्या. त्यांच्यासाठी कुठलीही कंपनी बदली डिस्क पाठवणार नाही, आणि कुठल्याही संग्रहालयात दुसरी प्रत नाही.

काम कठीण नाही. या डिस्कना कुलूप नसतं. व्हिडिओ-टीएस नावाचा अख्खा फोल्डर कॉपी करायचा. एका ड्राइव्हवर डिस्क वाचली जात नसेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर करून बघायची, कधीकधी नुसत्या यंत्रबदलाने काम होतं. कॅमेऱ्यातल्या छोट्या आठ सेंटीमीटरच्या डिस्क असतील तर फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह वापरा. अशी डिस्क कॅमेऱ्यात 'फायनलाइज' करायची राहून गेली असेल तर दुसऱ्या यंत्रावर चालणार नाही, तेव्हा तो जुना कॅमेरा टाकू नका. व्हीएचएस कॅसेट असतील तर त्याहून घाई करा. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. आणि भारतात भरलेली कॅसेट पाल पद्धतीची असते, इथली यंत्रं एनटीएससीची. कॅसेट उतरवून देणाऱ्या दुकानाला पाल चालते का, हे आधी विचारा.

उतरवलेल्या फायलींच्या तीन प्रती ठेवा: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड ड्राइव्हवर, आणि एक दुसऱ्या गावी. क्लाउडवर ठेवा किंवा भारतात भावाकडे. सगळी अंडी एका टोपलीत नकोत, एवढंच.

मग घ्यायचं का?

पुतण्याला शेवटी मी असं सांगितलं: प्लेयर घे. प्लेयर बनवणारे कमी होतायत, आणि एका यंत्रावर तुझ्या डीव्हीडीही चालतील. फोर-के डिस्क मात्र दहाच घे. जे सिनेमे तू दहा वेळा बघितलेस, ज्यांची मूळ फिल्म चांगली आहे आणि नव्याने स्कॅन झालीय, तेवढेच. घेण्याआधी लायब्ररीतून आणून स्वतःच्या सोफ्यावरून बघ. फरक दिसला नाही तर पैसे वाचले. बाकीच्या डीव्हीडी आहेत तशा राहू देत. मधल्या खणाला हात लावू नकोस. आणि सेलची वाट न बघता आधी तो ३० डॉलरचा यूएसबी ड्राइव्ह मागव.

त्याने ऐकलं. रविवारी परत फोन आला. खोक्यातल्या एकवीस डिस्कपैकी सोळा नीट उतरल्या. पाच अडल्या, त्यात त्याच्या मुलीच्या बारशाची होती. अकराव्या मिनिटाला चित्र थिजायचं. त्या बारशात आईने पाळणा म्हटला होता, सगळी कडवी, पदर सावरत, मध्येच एकदा विसरून आणि हसून. ती जाऊन आता सहा वर्षं झाली. त्या डिस्कखेरीज तिचा गाण्याचा आवाज आमच्या कुणाकडेच नाही.

मी म्हटलं, शेजाऱ्याचा जुना लॅपटॉप बघ. त्याच्या ड्राइव्हवर दोन तास घरघर करून डिस्क उतरली. दोन-तीन ठिकाणी चित्र तुटलंय, आवाज मात्र पूर्ण आहे. त्याने मला फाइल पाठवली आणि मी लगेच एक प्रत पुण्याला ताईकडे पाठवून दिली. फोर-के प्लेयर घेतला का, हे विचारायचं राहूनच गेलं.